खाजगी गाऱ्हाणं

माझ्या थापांना तुम्ही नेहमी हसता, आज खरं सांगतो, हसू यायचं नाही तुम्हाला.

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरकारच्या नव्या आरोग्य ॲपवरून गुरुजींशी माझी जुंपली होती. ते म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?" मी ठोकून दिलं, "माणसाचा आजार ही त्याची खाजगी बाब आहे. त्याला न विचारता ती चारचौघांत जाता कामा नये!" अंगठ्यांवर अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे नारळ ठेवणाऱ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं. गावात तेवढा खणखणीत आवाज माझाच. शेजारच्या सुनंदावहिनींनी हळूच माझ्या हातात नारळ दिला.

"भावजी, छातीत गाठ लागता. सासूबाईंका म्हायत नाय. तुमी फक्त 'बरा होऊंदे' म्हणा."

"काळजी करू नकात, वयनी."

पण एकदा सूर लागला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"बा देवा म्हाराजा! ह्या सुनंदान नारळ ठेवलेलो आसा. तिच्या छातीत गाठ झाली, सासवेकसुदा सांगूक नाय, ती गाठ वितळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं. पुढेच उभ्या असलेल्या सासूबाईंचा 'व्हय' अर्ध्यावर राहिला. वहिनी मान खाली घालून पायऱ्या उतरून गेल्या.

गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण मी अजून त्यांच्या दारावरून जात नाही. कारण गाऱ्हाण्याच्या त्याच संध्याकाळी, ग्रुपवर कधी अक्षर न लिहिणाऱ्या वहिनींनी माझ्या त्या बाणेदार मेसेजला दोन शब्दांत उत्तर दिलं होतं:

"व्हय म्हाराजा."