तळाचं पेट्रोल

मी मूळचा परतूरच्या पलीकडचा, ताई, दुधना ओलांडली की आमचं गाव. आमच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन निघायचा आणि बापामागं आम्ही सगळे, मंग शाळा कुठली अन्‌ काय कुठलं, चौथीपस्तोर कशीबशी गेलो, गुरुजींनी दोन-तीन सालं वाट पाहिली अन्‌ मंग नावच काढून टाकलं. त्यांची चूक न्हाई. मला वाचता येतं, हळूहळू येतं, पण लिव्हायला बसलो की हात थरथरतो, म्हणून तुम्हाला म्हणलं की मी सांगतो अन्‌ तुम्ही लिव्हा. तुम्ही बसून ऐकून राह्यल्या हेच लई झालं. या सोसायटीच्या गेटवर मला सात वर्षं झाली, इथं मला कोणी गावाचं नाव बी विचारलं न्हाई.

तर बदनापूरला आप्पांचं रान होतं, त्यात आमची मेंढरं बसायची, खतासाठी. आप्पांचा रोडवर पेट्रोल पंप. बाप गेला, मेंढरं चुलत्यानं वाटून घेतली, तवा आप्पा म्हणले की सोपान, मेंढरामागं फिरण्यात आता काय राह्यलं न्हाई, तू पंपावर ये. आलो. मशीन कसं शून्यावर आणायचं, रिक्षाच्या पेट्रोलात ऑइल किती टाकायचं, सगळं आप्पांनी शिकवलं, कधी अंगावर वरडले न्हाईत. मी त्या माणसाचं नाव घेतो तवा आजबी चप्पल काढावी वाटती.

पंपाच्या टाक्या जमिनीत असतात, ते तुम्हाला माहीत असंल. रोज सकाळी त्यात पितळी गज सोडायचा, वर काढायचा, अन्‌ किती ओला झाला ते बघायचं. गजाच्या टोकाला एक मलम लावायचं, तळाला पाणी असलं की त्या मलमाचा रंग बदलतो. पाणी असतंच थोडं. झाकणातून पावसाळ्यात मुरतं, पेट्रोलपेक्षा जड, तळाला जाऊन बसतं. म्हणून आप्पांचा हुकूम होता, गज चार बोटांवर आला की मशीन बंद म्हणजे बंद, मंग दारात कलेक्टर आला तरी. खालचं ते पेट्रोल न्हाई, ते गाडीचा घात हाय, असं म्हणायचे.

रफिकचं आता सांगतो. रफिक बदनापूरला स्टेशनवर रिक्षा चालवायचा. मी पंपाच्या खोलीत राहायचो, बायको अन्‌ रांगती पोरगी गावाकडं, तर सांच्याला रफिकच्या घरून डबा यायचा. त्याची अम्मी, तिला मी खाला म्हणायचो, ती म्हणायची एक माणूस वाढला तर हंडी फुटत न्हाई. रफिकची बायको शमीम मला भाईजान म्हणायची. चार वर्षं मी त्या घरचं खाल्लं, कधी कुणी आकडा केला न्हाई. असे लोक, ताई.

मंग त्या साली टँकरवाल्यांचा संप झाला. आप्पा स्वतः डेपोवर जाऊन बसले, म्हणले टँकर घेऊनच येतो, पंप तुझ्यावर. पहिल्या दिवशी सकाळी मी गज काढला, अन्‌ एक दूधवाला होता लक्ष्मण म्हणून, फटफटीवर बरण्या लटकवून बाजूला उभा होता, त्यानं इचारलं की किती हाय रे. मी बोलून गेलो, आजचा दिवस निघंल. एवढंच बोललो. तो घरोघर दूध घालायला गेला अन्‌ दुधासंगं ती बातमी वाटत गेला. अकरा वाजता माझ्यापुढं अर्धा तालुका उभा.

काय सांगू तुम्हाला, लोक काय काय घेऊन आले. कॅन आणले, तेलाचे डबे आणले, फवारणीचा पंप आणला, एक जण तांब्याची घागर घेऊन आला, तर मागचा त्याला म्हणतो, का रं, पूजा घालतो का पेट्रोलची. गोविंदराव म्हणून एक, फाट्यावर रोडच्या कडंला त्यांचं घर, दहा लिटर मागायला लागले. म्हणलं तुमच्याकडं गाडीच न्हाई. तर म्हणले मेव्हणा घेणार हाय. लोक हसले, पण त्यांनी नेलं, मीच भरून दिलं. काही जण टाकी फुल करायचे, समोरच्या लिंबाखाली जाऊन नळीनं तोंडानं ओढून डब्यात काढायचे, थुकायचे, अन्‌ पुन्हा लाइनीत. गरज कुणालाच नव्हती असं म्हणत न्हाई मी. पण पुढच्यानं नेलं म्हणून मागचा नेत होता.

त्या लाइनीत रफिक बी आला. शमीमला नववा लागलेला. मी म्हणलं, तू कशाला उन्हात उभा राह्यलास, तू स्टेशनच्या फेऱ्या मार, एवढे लोक अडकलेत, चार पैसे होतील, तुझं पाच लिटर मी काढून ठेवतो. तो म्हणला पक्का? मी म्हणलं पक्का. त्यानं माझ्या शब्दावर रिक्षातलं होतं-नव्हतं ते सगळं फेऱ्यात जाळलं. लाइनीत उभा राह्यला असता तर त्याला बराबर भेटलं असतं. तो उठून गेला ते माझ्या सांगण्यावरून.

पाच लिटरचा कॅन मी हवा भरायच्या खोलीत पोत्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी लाइट बी गेली, मंग मशीनला हँडल लावून हातानं फिरवायचं, फिरवून फिरवून दंड भरून आले. लाइन लावायला पोलिसातला एक जमादार आला, माणशी एक लिटर ठरलं. दुपारी गज चार बोटांवर आला. मी हँडल काढलं अन्‌ हात जोडले, म्हणलं संपलं. तेवढ्यात लक्ष्मण दूधवाला पाणी प्यायला म्हणून खोलीत गेला अन्‌ कॅन घेऊनच बाहेर आला. हे बघा, म्हणे, ह्यो ब्लॅक करून राह्यला.

माझी कॉलर कोणी धरली ते मला आजबी माहीत न्हाई. मी म्हणलं बाबांनो, ते बाळंतिणीसाठी हाय. जमादार म्हणला, आज सगळ्याइच्याच घरी बाळंतपण हाय का रे, अन्‌ लोक हसले. मला म्हणला, वाट लाइनीत. मी वाटलं. माझ्या हातानं मापून पाच जणांना दिलं. मी नोकरमाणूस, आप्पा नव्हते, जमादाराला न्हाई म्हणायची माझी काय ताकद. पण एक गोष्ट माझ्या हातात होती. लगेच सायकल काढून रफिकला सांगायला जायचं, की बाबा तुझं गेलं, आता दुसरीकडं बघ. ते बी मी केलं न्हाई. म्हणलं सांजंपस्तोर आप्पा टँकर आणतील. तोंड दाखवायची लाज वाटली.

चार वाजता रफिक आला. रिक्षा ढकलत आला. मागं शमीम अन्‌ खाला. शमीमचा चेहरा राखेसारखा झालेला. नर्सबाईंनी सांगितलं होतं की लेकरू आडवं हाय, इथं होणार न्हाई, जल्दी जालन्याला न्या. दवाखान्याची जीप सकाळीच दुसरा पेशंट घेऊन गेलेली, ती आलीच न्हाई. जालन्याकडची रेल्वे दोनला गेल्ती. एसटी निम्म्या बंद, ज्या यायच्या त्यांच्या दाराला माणसं लोंबकळलेली. रफिक म्हणला, सोपान, कॅन दे. मी त्याच्याकडं नुसतं बघत राह्यलो. मंग त्याला कळलं.

मंग मी हँडल लावलं. आप्पांचा हुकूम मोडला. म्हणलं तळाचं का होईना, पाणी वेगळं करता येतं, ती रीत मला माहीत होती. काचंच्या बाटलीत घ्यायचं, दहा मिनिटं हलवायचं न्हाई, पाणी खाली बसतं, वरचं पेट्रोल अल्लाद वतून घ्यायचं. मी बाटल्या भरल्या अन्‌ ओट्यावर ठेवल्या. म्हणलं खाला, दहा मिनिटं. खाला म्हणाली बेटा, ती दहा मिनिटं कुठून आणू, जल्दी कर.

अन्‌ लोकांनी हँडल फिरताना बघितलं. लिंबाखालून कोणी वरडलं, हाय, हाय, त्याच्यापाशी अजून हाय. डबे वाजवत लोक पळत आले. माझ्या मनात एकच आलं, दुपारचा कॅन गेला तसं हे बी जाईल. बाटल्या उचलल्या अन्‌ तशाच, न निवळता, रिक्षाच्या टाकीत वतल्या. रिक्षा सुरू झाली. ती जाताना बघून मी देवाला हात जोडले, खोटं कशाला सांगू, मला वाटलं निभावलं.

अर्ध्या तासानं सायकलवरचा एक माणूस सांगत आला की तुमच्या रफिकची रिक्षा फाट्यावर बंद पडून राह्यली. मी त्याचीच सायकल घेतली. जाऊन बघतो तर रफिक प्लग काढून पुसतो, लावतो, किक मारतो, पुन्हा काढतो. खालानं लुगड्याचा पडदा धरलेला. मला बघून रफिक म्हणला, प्लग खराब झाला वाटतं.

ताई, मला माहीत होतं ते पाणी हाय. टाकीचा कॉक खोलून खालचं सोडून दिलं असतं, कार्बोरेटर काढून फुंकला असता, तर कदाचित वरच्या पेट्रोलावर चालली असती. माझ्या तोंडातून शब्द निघाला न्हाई. पाणी म्हणलं असतं तर मी टाकलं असं झालं असतं. मी म्हणलं थांब, मी चांगलं पेट्रोल आणतो, अन्‌ घरं मागत सुटलो. पहिलं घर गोविंदरावांचं. म्हणलं काका, एक लिटर द्या, बाई अडली हाय. तर म्हणे आमच्याकडं कुठलं रे, आमच्याकडं गाडीच न्हाई. ओट्यावर पेट्रोलचा वास येत होता. दुसऱ्या घरी म्हणले संपलं, तिसऱ्या घरी दारच उघडलं न्हाई, आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या सगळ्यांचे डबे मी भरून दिले होते, दोन दिवस, ह्या हातांनी. मी पाया पडलो, पण पाया पडून माणूस डबा काढत न्हाई हो. त्याला वाटतं उद्या आपल्यावर वेळ आली तर.

सरकीची पोती घेऊन एक ट्रॅक्टर आला, जालन्याला चाललेला. त्यानं एक शब्द न विचारता पोती सारून जागा केली, तिघांना चढवून घेतलं. तो कोण, कुठला, नाव बी विचारायचं राह्यलं. मी रिक्षापाशी थांबलो. ते दिसेनासे झाले तवा मी कॉक खोलला. बाटलीत धरलं. निम्म्याच्या वर पाणी.

शमीम वाचली. लेकरू न्हाई वाचलं, मुलगा होता. डॉक्टर म्हणले उशीर झाला.

दुसऱ्याच दिवशी टँकर आला. लाइनीत एक बी माणूस नव्हता. दोन दिवस तर कोणी पंपाकडं फिरकलंच न्हाई, ज्याच्या त्याच्या घरी भरून ठेवलेलं. गोविंदरावांनी तर त्या पेट्रोलानं म्हणे दाराला तेलरंग लावायचे ब्रश धुतले.

मी आठ दिवस जेवलो न्हाई म्हणलं तरी चालंल. पंपावर लोक विचारायचे, रफिकची रिक्षा कशानं बंद पडली रे. मी खाली बघायचो. एक दिवस रफिक आला, टाकी पुढं केली, नेहमीसारखं एक लिटर म्हणला. मी म्हणलं, रफिक, ते पाणी होतं. मला माहीत होतं, फाट्यावर बी माहीत होतं. तो म्हणला, मिस्त्रीनं टाकी उलटी करून दाखवलं मला, जालन्याहून आलो त्याच दिवशी. मंग तू बोलला का न्हाईस, म्हणलं. तो म्हणला, काय बोलू, लोकांना प्लग सांगितला, तू बी प्लगच सांग, आप्पाला कळलं तर तू कुठं जाशील, तुझी पोरगी लहान हाय. एवढं बोलला, ऑइल टाक म्हणला, गेला.

डबा पुन्हा सुरू झाला. तेच मला सोसलं न्हाई. वर्षभर काढलं, मंग आप्पांच्या पाया पडलो, इकडं पुण्याला आलो. आप्पांनी कारण विचारलं, मी म्हणलं पोरीची शाळा. ते बी खोटं न्हाई, पोरगी इथं शिकली, यंदा बारावीला हाय, तुम्हीच पुस्तकं दिली तिला.

ईदला मी फोन करतो. आधी खालचा एसटीडीवाला होता तिथून करायचो, आता पोरीनं हा मोबाइल घेऊन दिला. रफिक म्हणतो कधी येतोस, मी म्हणतो येतो. खाला गेली, तवा बी मी गेलो न्हाई. त्यांना मागून दोन पोरी झाल्या, चांगल्या हायेत, अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो, माझं बी त्यांना लागो. रफिकचं बोलून झालं की शमीम फोन घेती. भाईजान, जेवले का, असं विचारती. दरवेळी पहिलं तेच. मी हो म्हणतो.

तिला रफिकनं सांगितलंय का न्हाई, हे मला ठाऊक न्हाई. विचारायची हिंमत होत न्हाई. ती जेवले का म्हणली की मी कान देऊन आवाज ऐकतो, त्यात काही हाय का बघतो. काही नसतं. फोन ठेवल्यावर पुन्हा वाटतं, होतं.