गाडीच्या स्क्रीनला मी हात लावला न्हाय!

...आणि वर तो शोरूमवाला मलाच म्हणतोय, ‘मॅडम, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार!’ अवो, दाबलं म्हणजे? मी काय आंबं पिकल्यात का बघाय बसलेती व्हय गाडीत? तुम्हाला सांगते, मी हात लावला न्हाय!

आता नीट ऐका. मी मंगळवार पेठेतली. हुपरीसनं चांदीची पैंजणं आणायची आणि इथल्या दुकानांस्नी द्यायची, हा माझा धंदा. आयुष्यभर एसटीत पदराखाली पिशवी धरून उभी ऱ्हायले, आणि औंदा स्वतःच्या कमाईची गाडी घेतली! नवीकोरी! आत स्क्रीन ही एवढी, जेवायच्या पाटाएवढी! आमचं मालक, बाळासो, पैल्या दिवशीच म्हणाले, ‘गाडी सांगून टीव्हीच आणलास की!’ जळतंय हो माणूस, दुसरं काय...

आणि आठवडा झाला न्हाय तोवर ती स्क्रीन पिसाळली! माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर, देवाशप्पत, आणि एसी आपला आपण वाढतोय, मी हितं कुडकुडतेय, गाणं लागतंय, बंद पडतंय, पुन्हा डबल मोठ्यानं लागतंय, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला विचारतोय, ‘वैनी, वरात कुणाची?’ आणि एक दिवस तर कहरच! गाडीत मी एकटीच, मनाशीच बडबडत चाललेती, की आमची नणंद क्रांती, काय तिचा तोरा, पोहं केलं तर त्यात शेंगदाणा हुडकाय लागतोय... आणि स्पीकरमधनं आवाज, ‘वैनी, समदं ऐकतीया मी. बोला की पुढं!’ स्क्रीननं फोन लावलाता! तिलाच! आता ह्या बाईला कसं पटवून देऊ, की मी हात लावला न्हाय?

क्रांतीनं लगेच भावाचं कान भरलं. मालक तापले. ‘ह्या रविवारपतोर नीट झाली तर झाली, न्हायतर इकून टाकायची! तुला न्हाय जमायचं ते. एसटी काय वाईट हाय?’ एसटी काय वाईट हाय म्हणं! समद्या पेठेला पेढं वाटलेत मी, आता गाडी इकली तर तोंड कुठं लपवू?

शोरूमला नेली. तिथला यशराज, टाय लावलेला, बोलायला लई गोड. पैलं काम काय, तर गाडी धुवायला घेणार. आतनं-बाहेरनं चकाचक पुसणार. मग बघणार. आणि स्क्रीन? गरीब गाय! ‘ओके हाय की मॅडम. तुम्हीच काहीतरी...’ घरी आणली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पिसाळली. पुन्हा नेली, पुन्हा धुतली, पुन्हा गरीब गाय. माझी सासू शालूबाई, आत्ती म्हणते मी त्यांना, त्या काळजीनं अर्ध्या झाल्या. ‘नजर लागली गं बाई गाडीला!’ गाडी आली तवापासनंच रोज सकाळी मी निघायच्या आधी ओलं कुंकू कालवून बोनेटला लावणार, स्टेअरिंगला लावणार, आणि स्क्रीनला मधोमध चांगला ठसठशीत टिळा. गाडी जास्त बिघडली की टिळा जास्त मोठा. पूजेचं कुंकू, ते काय आपण पुसायचं असतंय व्हय?

शनिवारी मात्र माझं टकुरं फिरलं. आत्तीला शेजारी बसवलं, मालकांना मागं कोंबलं, म्हटलं चला, साक्षीदार व्हा. वाटभर स्क्रीन नुसती नाचतीया! शोरूमच्या दारात पाण्याचा पाईप घेऊन माणूस धावत आला. मी वरडले, ‘खबरदार! थेंब उडवशील तर बघ! आज गाडी पारोशीच बघायची!’

यशराज आला, त्याचा साहेब आला, चार गिऱ्हाईकं जमली, आणि स्क्रीन... गप्प! अगं, आता का गं गप्प? नाच की! मालक मागनं खाकरले, ‘झालं समाधान?’ माझं तोंड एवढंसं झालं. मनात म्हटलं, गेली गाडी. तेवढ्यात आत्तीनं पिशवीतनं कुंकवाची डबी काढली, बाटलीतलं पाणी घेतलं, कालवलं, आणि ‘शांत हो गं माझी बाय’ म्हणत स्क्रीनला टिळा... आई आई आई! एसी सुटला, गाणं सुटलं, आणि फोन थेट क्रांतीला! ‘वैनी, आता आणि काय?’

मी दोन्ही हात वर केले! छतापतोर! ‘बघा! समद्यांनी बघा! मी हात लावला न्हाय!’ यशराजनं रुमालानं पुसलं, गप्प. आत्तीनं पुन्हा लावलं, सुरू! पुसलं, गप्प. लावलं, सुरू! यशराज डोकं खाजवत म्हणाला, ‘मॅडम, ओलं कुंकू लागलं की स्क्रीनला वाटतंय कुणीतरी बोट लावलंय. वाळलं की गप्प.’ म्हटलं, कुणाचं बोट? माझं हाय का? सांग की मालकांना, मोठ्यानं सांग!

जिंकले हो मी! बाळासो ‘न्हाय इकायची,’ म्हणाले, अगदी तोंडातल्या तोंडात. म्हटलं, ऐकाय आलं न्हाय, पुन्हा म्हणा! पुन्हा म्हणाय लावलं! आणि परत येताना पेठेतनं गाडी आणली ती काचा खाली करून, गाणं फुल्ल मोठ्यानं, आणि ह्या बारीला गाणं मी लावलेलं, माझ्या बोटानं!

आता ऱ्हायलं काय, तर आत्तीला सांगायचं. मालकांची काय छाती झाली न्हाय, मीच धीर केला. ‘आत्ती, कुंकू आत नको, बाहेरच लावत जावा. मागच्या अंगाला.’ ऐकलं हो बिचारीनं, लगेच ऐकलं. मागं गेल्या, वाकून बघितलं, तर नंबर प्लेटच्या वर बारीक काळा डोळा! ‘अगं, हिला डोळा हाय की!’ काय हरखली म्हातारी! तवापासनं रोज सकाळी पैलं कुंकू त्या डोळ्याला.

कॅमेरा हो तो! मागचं दाखवणारा! रिव्हर्स टाकला की समदं लालभडक, माणूस दिसत न्हाय का म्हस दिसत न्हाय. पण आता पुन्हा कोण सांगणार? त्यापेक्षा मी आपली खिडकीतनं मुंडी बाहेर काढते आणि वरडते, ‘सरका वो पावणं, सरका... गाडी मागं येतीया!’