सुनावणीच्या खुर्च्या

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली सीमेपलीकडच्या देशात दिलेली, माहेरपणाला आलेली.

“ताई, आमचं वाचनालय पाडून तिथे गाळे काढतायत.”

“कोणाला न विचारता?”

“विचारलं की. सुनावणी ठेवली, पण खुर्च्या फक्त साहेबांना. आम्ही ताटकळलो, पाय भरून आले, तसे एकेक करून घरी आलो. मागाहून म्हणाले, कोणाचीच हरकत नाही.”

“निर्लज्ज मेले.”

“तुमच्याकडे बरंय बाई. विचारल्याशिवाय झाडसुद्धा तोडत नाहीत. तुमचे साहेबच चांगले.”

“चांगले, डोंबलाचे. आम्हालाही खुर्च्या दिल्या नव्हत्या.”

“मग?”

“मग काय, घरून नेल्या. तुझ्याकडे किती आहेत?”