प्लास्टरमधली कळ

तुम्हाला माहितीये ना, आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये दुखलं तरी कण्हायचं नाही. खडकवासल्याजवळ पडून माझी नडगी मोडली, तेव्हाही मी हसत होतो. हॉस्पिटलात प्लास्टर झालं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. छत ढगासारखं सरकू लागलं, मी तरंगू लागलो. पण पोटरी मात्र आतून फुटेल अशी ठणकत राहिली.

रात्री तपासायला आलेल्या सिस्टरांनी त्याच पायाचा अंगठा हळूच वर ओढला. मी किंचाळलो.

"कधीपासून दुखतंय एवढं?"

"दुपारपासून. सहन होतंय."

"अहो, सुजेमुळे आत दाब वाढलाय. रक्त पोचलं नाही तर पाय जाईल!"

लगेच प्लास्टर कापलं. डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये पोटरी उघडून दाब मोकळा केला.

भुलीच्या धुक्यातूनच मी विचारलं, "सिस्टर, पाय?"

"आहे. गप्प बसल्याचं पदक मात्र इथे मिळत नाही."