हिरवी पट्टी

मंडळी, पेटी जरा थांबू द्या. टाळ खाली ठेवा. आज मला सूर नको, कान हवेत!

एक प्रश्न विचारतो. एखाद्याच्या मनात काळंबेरं नाही, त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नाही, उलट कौतुकानं एक गोष्ट केली — आणि त्यात जीव गेला! दोष द्यायचा का त्याला? लगेच माना हलवू नका! पुढची रांग तर मी खोकलो तरी मान हलवते! आधी ऐका.

नदीकाठी हिंगणखोप नावाचं गाव. तिथला रणधीर. आई लहानपणीच गेली, हौसाआत्यानं वाढवला. पोरगा शिकला, पुण्यात मोबाईलची ॲपं बनवायला लागला. पण गावाला विसरला नाही हो! पुराची धास्ती कायमची, म्हणून गावासाठी त्यानं एक ॲप केलं. रोज सकाळी बंडा कोतवालानं घाटावरून नदीचा फोटो टाकायचा, पाण्याची पातळी लिहायची. आणि स्क्रीनच्या माथ्यावर त्या पातळीप्रमाणे रंग बदलणारी पट्टी!

पट्टी कशाला? आत्याला अक्षरओळख नव्हती! रणधीरनं तिला शेजारी बसवून शिकवलं — "आत्या, हिरवी म्हणजे निवांत बस. पिवळी म्हणजे गाठोडं बांध. लाल म्हणजे ऊठ, आणि टेकावरची शाळा गाठ."

आत्यानं ते घोकलं. दोन पावसाळे तिनं त्या पट्टीवर काढले. एकदा लाल झाली, तर चुलीवरचा भात तसाच टाकून म्हातारी टेकावर! दुपारी खरंच घरात पाणी शिरलं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगायची, "माझा रणू तिथनं बघतोय."

आणि मग रणधीरला हौस सुचली! ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, "तीनच रंग? कळकट दिसतं रे!" झालं! यानं काय करावं? पट्टीचा रंग फोटोतूनच उचलायचा! मशीन फोटो चाळणार, त्यातला सगळ्यात ठसठशीत रंग निवडणार, आणि पट्टी त्यात रंगवणार. मातकट, करडे रंग सोडून देणार. सूर्य उगवताना फोटो काढला, पट्टी केशरी! वा! दिसायला देखणं! आणि धोक्याची सूचना? ती गेली फोटोखाली — अक्षरांत! अक्षरांत, मंडळी!

आत्याचा फोन आला. "रणू, पट्टी काल निळी झाली रं. बिघडलंय का काय?"

रणधीर मीटिंगमध्ये. हळूच म्हणाला, "नाही गं, शोभेसाठी केलंय ते. सावकाश सांगतो."

"पर हिरवी आली की बसायचंच न्हवं?"

"हो आत्या, हो हो." आणि फोन ठेवला.

किती वेळ लागला असता हो खरं सांगायला? विडा लावायला लागतो तेवढा! पण तेवढाही दिला नाही.

आठवडा गेला. वर धरणाचे दरवाजे उघडले. पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं. आता गावाची रीत काय? पाणी त्या पायरीला लागलं की बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, हिरव्या बांगड्या — आणि हिरवंगार लुगडं पायरीवर पसरतात! "बाई, शांत हो" म्हणतात. त्याच वेळी बंडानं फोटो काढला. मागे मैलभर गढूळ पाणी, पुढे हातभर लुगडं. खाली त्यानं बरोबर लिहिलं, "पाणी धोक्याच्या वर. घरं सोडा."

मशीननं गढूळ पाणी सोडलं. लुगडं उचललं. पट्टी हिरवी!

बंडा आळीत ओरडत आला, "आत्या, चला! पानी येतंय!"

आत्यानं मोबाईल पुढे धरला. "हे बघ, हिरवी हाय. माझ्या रणूनं दावलंय."

"आत्या, खाली ल्हिवलंय बघा!"

"मला वाचाय येत न्हाई बाबा. पर रणू माझ्याशी लबाडी करनार न्हाई. तू त्या लेकुरवाळ्यांना आधी ने."

बंडा लेकरांना घेऊन गेला. परत फिरला तेव्हा आळीत नुसती छपरं दिसत होती.

दोन दिवसांनी आत्या बाभळीला अडकलेली सापडली. अंत्यविधीला गाव जमलं. बंडाचा हात सवयीचा, त्यानं त्या सकाळीही फोटो टाकला. घाटावर तिरडी, तिरडीवर झेंडूची फुलं. पुण्याहून धावत आलेल्या रणधीरनं खिशातून मोबाईल काढला. वर पट्टी पिवळीधमक! सणासुदीला शोभेल अशी! तो तिथंच चिखलात बसला. म्हणाला, "आत्या, एकदा लाल दाखवायची होती गं मला." म्हातारीचे कान केव्हाच गार पडले होते.

पुढे त्यानं तीन रंग परत आणले. आता ती पट्टी तो स्वतः रोज उघडून बघतो. ज्या डोळ्यांसाठी केली, ते मात्र मिटले.

आता सांगा, दोष द्यायचा का? आता कुणाची मान हलत नाही! त्याचं सोडा, आपलं बघा. तुमच्याही घरी कुणीतरी आहे, ज्याला जगातलं फार काही वाचता येत नाही. ते फक्त तुमच्याकडे बघतं — तुमच्या चेहऱ्याकडे, तुमच्या "हो" कडे. त्यावर उठतं, त्यावर बसतं. आणि तुम्ही? शोभेसाठी रंग बदलता, घाईत "हो हो" म्हणता, फोन ठेवता!

पांडुरंगा, आम्हाला देखणं नको करूस. आमच्यावर विसंबलेल्या माणसाशी खरं बोलण्याएवढी सवड दे.

टाळ नंतर उचला, मंडळी. आधी घरी फोन लावा.