चिखल मालकाचा, खेळ पोरांचा

आमचं मूळ पाचोडकडचं. मूळ म्हणजे काय, शेत नाही, घर पत्र्याचं, आणि पावसाळा सोडला तर सगळं वर्ष वीटभट्टीवर. आई आणि अण्णा चिखल तुडवायचे, साच्यातून विटा पाडायचे, आणि मी आणि माझी धाकटी बहीण त्या कच्च्या विटा उलट्या करत हिंडायचो, एका अंगानं वाळली की दुसऱ्या अंगावर. लोक म्हणतात लहानपण लई सुखाचं असतं. असंल कुणाचं. काय सांगू तुम्हाला, पायाखाली एवढा मऊ चिखल, पोराचा हात जाणारच की, मी एकदा त्याचा बैल केला, शिंगंबिंगं काढली, वशिंड केलं, आणि विटांच्या रांगेच्या कडंला वाळायला ठेवला. मुकादम आला, त्यानं बैलावर चप्पल ठेवली, जोरात पण नाही, सावकाश दाबली, आणि म्हणला, चिखल मालकाचा आहे, खेळायला नाही आणलेला. अण्णा तिथंच उभे होते. त्यांना बोलून चालणारच नव्हतं.

पण त्याच साली अण्णांनी मला मावशीकडं शाळेत टाकलं. आई म्हणली, पोरगी गेली तर विटा कोण पलटंल, अण्णा म्हणले, मी पलटीन. पुढं वसतिगृह, पुढं कॉलेज. मी बी.ए. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मग बालवाडीचा कोर्स केला. तिथं शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, लेकराला काय खेळायचं ते लेकरू ठरवंल, तुम्ही शेजारी बसायचं, बघायचं, मधी बोलायचं नाही. बाकीच्या पोरी लिहून घेत होत्या, माझ्या डोळ्यापुढं तो बैल. स्वतःलाच म्हणलं, मीरे, हेच काम आपलं.

नोकरी लागली बजाजनगरला, एका मॅडमच्या बालवाडीत. दारावर हा मोठा बोर्ड, इथे मुले खेळातून शिकतात. म्हणलं बरं झालं. मी एक कोपरा मागून घेतला, तिथं माती, पाण्याची बादली, खोकी, नारळाच्या करवंट्या, घरातली पोचे पडलेली पातेली. बास. सकाळी पोरं यायची आणि त्यांचं ती ठरवायची. कुणी भाजीचा गाडा लावायचं. कुणी पाण्याचा टँकर व्हायचं, मग हंड्यांचा नंबर, मग नंबरावरून भांडणं, आया भांडतात तशीच, कमरेवर हात ठेवून. त्या टँकरवर पोरं हंडे मोजायला शिकली, मी नाही शिकवलं. घुम्यासारखं बसणारं लेकरू भाजीच्या गाड्यावर ओरडायला लागलं.

अण्णा एकदा भेटायला आले, कोपरा बघितला, पोरांचे हात बघितले. म्हणले, मी तुला चिखलातून काढली, आन् तू पगार घेऊन लोकाच्या लेकरांना चिखलात बसवतीस व्हय? मी म्हणलं, अण्णा, हा चिखल त्यांचा आहे. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

त्या पोरांमध्ये एक आरोही होती. तिचे वडील गणेशभाऊ, देवगाव रंगारीचे, वाळूजला कंत्राटदाराकडून कंपनीत लागलेले. अशा लोकांना मधीच ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात, पुन्हा घ्यायचं की नाही ते कंत्राटदाराच्या मर्जीवर. आरोही आणि तिच्याच वयाचा वेदांत, दोघांचा एकच खेळ, कंपनी-कंपनी. दोन खुर्च्या म्हणजे गेट, पुठ्ठ्याचं कार्ड गळ्यात, डब्यात भाकरी म्हणून मातीचा गोळा. मी रोज बघायची, हसायची. लेकरं घरचंच खेळतात, दुसरं कुठून आणतील?

मग पालक-दिवस आला. मॅडमनी पाहुणे बोलावले होते, शहरातल्या मोठ्या शाळांच्या बाया, कॅमेरा घेऊन. मॅडम सगळ्यांना म्हणल्या, आमच्याकडं मुलांना पूर्ण मोकळीक असते, आम्ही काहीच सांगत नाही, तुम्हीच बघा. पालक भिंतीला लागून उभे. गणेशभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला, वैशालीताईला घेऊन आलेले.

आरोही गेटवर आली, कार्ड दाखवलं. वेदांत खुर्चीवर पाय टाकून बसलेला, म्हणला, तुला ब्रेक आहे, निघ. आणि आरोहीनं, काय सांगू तुम्हाला, ती पोरगी वाकली आणि तिनं त्याचे पाय धरले. म्हणली, साहेब, घरी सांगितलं नाही अजून, बायको रडंल, ही बघा माझी लेक संगं आणली, हिच्याकडं तरी बघा. आणि करवंटीला फडकं गुंडाळलेली तिची बाहुली होती, ती तिनं त्याच्यापुढं धरली.

मला मागून कळलं, गणेशभाऊला खरंच ब्रेक मिळालेला, आणि कंत्राटदाराच्या घरी जाताना त्यानं पोरीला गाडीवर पुढं बसवून नेलेलं होतं. त्याला दया यावी म्हणून. वैशालीताईला तर ब्रेक मिळाल्याचंच माहीत नव्हतं, हा माणूस रोज डबा घेऊन घरातून निघत होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. आणि एवढ्यात पाहुण्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणली, हाऊ क्यूट. दुसरी म्हणली, बाळ, बाहुली जरा वर धर, फोटोत येत नाही.

मला अजून त्या टाळ्या ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी गणेशभाऊ आले. माझ्याकडं नाही, सरळ मॅडमकडं. म्हणले, माझ्या पोरीला एबीसीडी शिकवायला घातलं होतं, बापाची इज्जत काढायला नाही, ही बाई गरिबाची नाटकं बसवती. मी म्हणलं, भाऊ, मी काहीच बसवलं नाही, तिनं बघितलं ते ती खेळली. ते म्हणले, मग तोंड दाबायचं ना तिचं. आणि पोरीला घेऊन गेले. लोक मलाही म्हणले, तुम्ही मधी पडायला पाहिजे होतं. मी नाही पडले, आणि आजही पडणार नाही. एवढीशी पोरगी ते ओझं पोटात घेऊन फिरत होती, तिनं ते खाली ठेवलं. मोठ्यांना बघवलं नाही, त्यात तिचा काय गुन्हा?

मॅडमनी मला आत बोलावलं. म्हणल्या, मीरा, पोरांना खेळ आधी बसवून देता येत नव्हता का, एक डॉक्टर, एक फुलवाली, छान दिसतं, पुढच्या वेळी तालीम घे. मी म्हणलं, मॅडम, मोकळीक म्हणता आणि तालीम घ्यायला लावता? त्या म्हणल्या, शाळा माझी आहे ना? तो कोपरासुद्धा माझाच आहे.

तुम्हाला म्हणून सांगते, मला तिथं ती बैलावरची चप्पल दिसली. मी पातेली उचलली आणि बाहेर पडले. आता त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं स्वयंपाकघर आहे, पाहुणे आले की उघडतात. बोर्ड तोच आहे.

मी आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत बालवाडी काढली. अण्णांना कळलं तसे ते पाचोडहून पोत्यात माती घेऊन आले, दारातच चाळायला बसले. मी म्हणलं, अण्णा, आता काहून? म्हणले, खडा राहिला तर लेकरांच्या हाताला टोचंल. एवढंच.

पोरं कमी येतात. आया विचारतात, वही कुठंय, गृहपाठ कुठंय, आणि शेजारच्या इंग्लिश शाळेत जातात. गणेशभाऊ कामावर परत लागले असं ऐकलं, रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. मागं बाजारात आरोही भेटली, कडक गणवेश, पायात बूट. मी म्हणलं, काय ग, काय खेळतीस आता? म्हणली, बाई, आम्ही नाय खेळत, हाताची घडी घालून बसतो. पप्पांनी सांगितलंय, कंपनी-कंपनी तर कधीच नाय खेळायचं. आणि आईचा हात धरून गेली. वैशालीताईनं मागं वळून बघितलं. सुखी राहू दे लेकरू, दुसरं काय म्हणू.

हे असं आहे. वीटभट्टीवरची पोरगी बी.ए. झाली, आणि तिच्या खोलीत माती आहे, जी कुणा मालकाची नाही. तिथं काय खेळायचं ते पोरं ठरवतात.