माझ्या डोळ्यातला पाहुणा आणि ज्युलीबाईंच्या नेवऱ्या

समारंभाचे अध्यक्ष बळीरामजी राऊत, सत्कारमूर्ती डॉक्टर व्हॅलेरियन, व्यासपीठावरील मान्यवर आणि मागे गप्पा मारणारे सर्व निर्मळकर,

हे भाषण मला लिहून आणावं लागलं. आमची शेजारीण ज्युली डॉक्टरांच्या निरोप समारंभाला यायला तयार नव्हती. खरं काय ते मी सगळ्यांसमोर सांगितलं, तरच येईन, असा तिचा निरोप होता. आज ती दाराशी उभी आहे. आत आलेली नाही.

मागच्या नाताळानंतर माझा डावा डोळा लाल झाला आणि कोपऱ्यात वाटाण्याएवढी गाठ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की, ही डुकराच्या फीतकृमीची पुटी, म्हणजे अळीची पिशवी आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. 'डुक्कर' ऐकताच मी खुर्चीवरून उठले. पुढचं वाक्य ऐकलंच नाही. एकतीस वर्षं मुलांना "पूर्ण ऐका, मग बोला" असं बजावणारी मुख्याध्यापिका ती मीच.

घरी येताना वाटेतच मी गुन्हेगार ठरवला. दर नाताळात ज्युली आम्हाला नेवऱ्यांचं, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्यांचं, ताट पाठवते. त्या तिने डुकराच्या चरबीत तळल्या असणार. मी तिच्या ओट्यावर जाऊन तसं सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, चरबी आम्ही लग्नालासुद्धा जपून वापरतो. तुमच्यावर कशाला वाया घालवू?"

घरात चरबी असते हे तिने मान्य केलं, मला हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटला. दोन्ही वाड्यांमधली ये-जा बंद झाली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर कृमी आतड्यात वाढतो. डोळ्यात पुटी होते ती त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, हातांतून पोटात जातात. मग त्यांनी विचारलं, "बाई, कोथिंबीर धुता का?"

काय सांगणार? वाफ्यात उभं राहून खुडायची आणि तिथेच तोंडात टाकायची, ही आमच्या घराण्याची ऐट. धुतली की वास जातो म्हणे. त्यात विहीर आटली तेव्हा वाफ्यांना नाल्याचं पाणी मीच सोडलं होतं. आरोग्यशास्त्राचा धडा मीच शिकवला होता, तोही छडी हातात घेऊन.

गाठ काढण्यापूर्वी मी विचारलं, "तो आतून माझ्याकडे बघत असेल का?" डॉक्टर म्हणाले, "त्याला डोळेच नसतात, बाई. म्हणून तर तुमच्याकडे राहायला आला."

ही गोष्ट आता अकरा महिने जुनी झाली. गाठ काढल्यावर नजर दहा दिवसांत स्वच्छ झाली होती. ज्युलीकडे जायला मात्र पाय उचलला नाही. चूक ज्युलीची नव्हती, नेवऱ्यांचीही नव्हती. चूक माझी होती. ज्युली, मला माफ कर.

डॉक्टर, पस्तीस वर्षं तुम्ही आमचे डोळे सांभाळलेत आणि आमचा आगाऊपणाही. गावातर्फे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आज तरी पोटात घाला. उद्यापासून मी पुन्हा पूर्वीसारखीच आहे.

समितीच्या वहीतील नोंद, माझ्याच हातची: डॉक्टर व्हॅलेरियन यांना शाल एक, श्रीफळ एक, राजेळी केळ्यांचा घड एक. ज्युली यांना दोन पानी लेखी माफीपत्र, समक्ष. त्यांनी ते आत येऊन, पहिल्या रांगेत बसून वाचलं. दुसरं पान परत केलं, त्यात माझंच कौतुक जास्त होतं. पहिलं ठेवून घेतलं.